बार्शीचा मेहबूब : शाहीर अमर शेख

वाचकहो, शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत आपणास एखाद्या बॅरिस्टराचे, प्राध्यापकाचे किंवा दानशूर व्यापाऱ्याचे चरित्र अपेक्षित असेल. या पानावर मात्र ज्याला गरिबीमुळे कॉलेजची पायरी चढता आली नाही, अशा एका माणसाची ओळख करून घ्या. त्याने डफ हाती घेऊन लाखो निरक्षरांना जे शिकविले, ते कोणत्याही शाळेच्या अभ्यासक्रमात नव्हते.

शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब मुस्लिम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई मुनेरबी हिच्याकडून मराठी लोकगीतांचे धन त्यांना मिळाले. मराठी आपली की दुसऱ्यांची, हा वाद आपल्या घरांतून अजूनही ऐकू येतो. मुलाला कोणत्या माध्यमात घालावे यावरून तो दर जून महिन्यात नव्याने पेटतो. मुनेरबीच्या मुलाने तो वाद न घालताच निकालात काढला. अर्थात ही वाट त्यांनी प्रथम पाडली असे नव्हे. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद आणि पेशवाईच्या अखेरीस गाजलेले शाहीर सगनभाऊ हे आपलेच पूर्वज होत. पण आपल्या किती विद्यार्थ्यांना ही नावे ठाऊक आहेत?

पोटासाठी मेहबूबने मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत मजुरी केली. गिरणीच्या संपात पुढे झाल्यामुळे त्यांना विसापूरचा तुरुंग पाहावा लागला. साम्यवादी विचारांचे कार्यकर्ते रघुनाथ कऱ्हाडकर यांच्या सहवासाने त्यांच्या रागाला विचारांची बैठक मिळाली. पुढे ते कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत गेले. तेथेच ‘अमर शेख’ हे नाव त्यांना मिळाले आणि कायमचे चिकटले. नावातील हा ‘शेख’ त्यांनी कधी झाकला नाही. फाळणीनंतरच्या दिवसांत, मने कलुषित झालेली असताना, हेच नाव घेऊन ते हजारोंच्या पुढे उभे राहिले आणि शिवछत्रपतींचा पोवाडा गायले. आज वाचताना हे सोपे वाटते. त्या काळात ते किती अवघड होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा.

सन १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. या पथकाची रीत समजून घेण्याजोगी आहे. पोवाडा, लावणी, तमाशा हे साचे लोकांच्या रक्तातलेच. ते त्यांनी मोडले नाहीत, आतला माल तेवढा बदलला. राजाच्या लढाईच्या जागी गिरणीचा संप आला, गणेशस्तवनाच्या जागी श्रमिकांचे वंदन आले, आणि सावकार, काळाबाजारवाला ही पात्रे रंगमंचावर येऊन लोकांच्या हशाला धनी झाली. ज्याला लोक एकदा हसले, त्याचा धाक पूर्वीइतका राहत नाही! शिवाय शाहिराच्या मागे झीलकऱ्यांनी ‘जी जी’ धरले की श्रोतेही ते धरतात आणि ऐकणारा नकळत गाणारा होतो. भाषण माणूस घरी जाईपर्यंत विसरतो. गाणे शेतात, यंत्रावर, चुलीपुढे त्याच्याबरोबर जाते. सरकारलाही हे उमगले असावे. कलापथकाच्या तमाशांवर बंदी आली ती उगाच नाही.

त्यांच्या आवाजाविषयी काय लिहावे? ध्वनिक्षेपक नसला तरी मोठ्या मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचणारा तो पहाडी आवाज होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या आवाजाची खरी कसोटी लागली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, माणसे पडली, आणि १९५६ साली मुंबईसह द्वैभाषिक राज्य लादले गेले. त्या संतापाला अमर शेख यांनी गावोगाव शब्द आणि सूर दिला. अण्णा भाऊंची मुंबईत राबणाऱ्या माणसाच्या विरहाची प्रसिद्ध छक्कड त्यांच्या गळ्यातून घराघरांत गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यात आचार्य अत्रे, एसेम, डांगे यांच्या भाषणांइतकाच या डफाचाही वाटा होता, असे आमचे मत आहे. गोवामुक्तीसाठीही ते गायले. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी साम्यवादी म्हणून संशयाने पाहिले जात असताना देशाच्या संरक्षणनिधीसाठी गायले.

‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह. ‘पहिला बळी’ हे नाटक त्यांनी लिहिले, चित्रपटांतही कामे केली. पैसा मात्र त्यांच्याकडे टिकला नाही. इतरांच्या भाकरीसाठी गाणाऱ्याच्या घरी ओढगस्त असावी, याची खंत समाजाने बाळगली पाहिजे. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख पुढे स्वतःच्या बळावर मराठीतील नामवंत कवयित्री झाल्या. मुंबई विद्यापीठात आज शाहिरांच्या नावाचे अध्यासन आहे.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. वयाची त्रेपन्न वर्षेही पूर्ण झाली नव्हती. इंदापूरहून टेंभुर्णी, पुढे कुर्डुवाडी आणि मग बार्शी. कधीकाळी मोटारीवर क्लीनर असलेल्या मेहबूबच्या ओळखीचाच तो मुलूख होता.