विशेषणाआडचा माणूस

आपल्या नावाचे विशेषण होऊन ते शब्दकोशात जाऊन बसावे, हा एरवी बहुमान समजला जाईल. निकोलो मॅकियाव्हेलीच्या वाट्याला मात्र तो शिक्षेसारखा आला. ‘मॅकियाव्हेलियन’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ कावेबाज, सत्तेसाठी कोणताही विधिनिषेध न बाळगणारा, असा दिला जातो. परीक्षेपुरता तो पुरेसा आहे; पण ज्याच्या नावावरून हा शब्द निघाला त्याचे चरित्र पाहू गेल्यास तो अपुरा वाटू लागतो.

मॅकियाव्हेलीचा जन्म ३ मे १४६९ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात झाला. वडील कायद्याचे जाणकार. घरची स्थिती बेताची, पण घरात ग्रंथांना मान होता. १४९८ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा सचिव झाला. पुढे चौदा वर्षे फ्रान्सचा राजा, पोप आणि जर्मन सम्राट यांच्या दरबारी त्याने आपल्या नगराची वकिली केली. १५०२ च्या अखेरीस सीझर बोर्जियाने बंडखोर सरदारांना समेटासाठी बोलावून कैद केले आणि त्यांतील दोघांना त्याच रात्री गळा दाबून ठार मारविले. मॅकियाव्हेली त्या वेळी बोर्जियाच्या छावणीबरोबर होता. राज्ये कशी मिळविली जातात, हे त्याने असे जवळून पाहिले. भाडोत्री सैन्यावर विसंबणारे नगर स्वतंत्र राहू शकत नाही, या विचाराने त्याने नागरिकांचेच सैन्य उभारले आणि १५०९ मध्ये पिसा शहर फ्लॉरेन्सच्या ताब्यात परत आले.

१५१२ मध्ये स्पॅनिश फौजेच्या बळावर मेडिची घराणे परतले आणि प्रजासत्ताक कोसळले. मॅकियाव्हेलीची नोकरी गेली. पुढच्याच वर्षी कटाच्या संशयावरून त्याला तुरुंगात टाकण्यात आले. पाठीमागे बांधलेल्या हातांना दोर लावून त्याला वर ओढण्यात व पुन्हापुन्हा खाली सोडण्यात आले. तरी त्याने गुन्हा कबूल केला नाही. मेडिची घराण्यातील पुरुष पोप झाला, तेव्हा सुटलेल्या माफीत तोही सुटला आणि गावाबाहेरच्या आपल्या छोट्या शेतावर जाऊन राहिला. दिवसा लाकूडतोड्यांवर देखरेख आणि खाणावळीत पत्त्यांचा डाव; रात्री मात्र दरबारी पोशाख चढवून तो प्राचीनांचे ग्रंथ वाचीत बसे. त्याच वर्षी ‘द प्रिन्स’ हा सव्वीस प्रकरणांचा छोटा ग्रंथ त्याने लिहिला.

प्रसंगी राज्यकर्त्याला वचन मोडता आले पाहिजे, असे या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. ते झाकण्याचे कारण नाही. पण याच लेखणीने रोमच्या इतिहासावरील ‘डिस्कोर्सेस’ या मोठ्या ग्रंथात प्रजासत्ताकाचा कैवार घेतला आणि राजापेक्षा लोकसमूह अधिक शहाणा असतो, असे प्रतिपादन केले. मेडिचींनी त्याला पूर्वीचे पद कधीच दिले नाही. १५२० मध्ये फ्लॉरेन्सचा इतिहास लिहिण्याचे काम तेवढे दिले. १५२७ मध्ये मेडिचींची हकालपट्टी होऊन प्रजासत्ताक परत आले, तेव्हा त्यांच्याकडून घेतलेले हेच काम त्याला नडले. ज्या प्रजासत्ताकासाठी त्याने उमेदीची वर्षे वेचली, त्याने त्याला जवळ केले नाही. २१ जून १५२७ रोजी तो निवर्तला.

विशेषणाची कथा त्यानंतरची. ‘द प्रिन्स’ १५३२ मध्ये, पोपच्याच परवानगीने छापला गेला. १५५९ मध्ये रोमने त्याचे सारे ग्रंथ निषिद्ध ठरविले. १५७६ मध्ये एका फ्रेंच प्रॉटेस्टंट लेखकाने त्याच्यावर खंडनग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या रंगभूमीवर मार्लोने त्याला सूत्रधार म्हणून उभे केले आणि सोळावे शतक संपण्यापूर्वीच त्याचे नाव इंग्रजीत शिवीसारखे रूढ झाले. ‘द प्रिन्स’चे इंग्रजी भाषांतर मात्र छापून निघाले १६४० मध्ये. ग्रंथ हाती येण्यापूर्वीच निकाल लागला होता.

हे विशेषण सत्ताधीशांना मोठे सोयीचे ठरले. प्रशियाच्या फ्रेडरिकने १७४० मध्ये मॅकियाव्हेलीचा निषेध करणारे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी सायलेशियावर स्वारी केली. कपट बोर्जियाने केले, आक्रमण फ्रेडरिकने केले. कोशात नाव लागले ते सत्तेची रीत लिहून ठेवणाऱ्या, नोकरी गमावलेल्या एका सचिवाचे. हा शब्द कोणाला उद्देशून वापरावा, हे प्रत्येकाने ठरवावे. पण तो ज्याच्या नावाचा आहे, त्याचे आयुष्य एकदा वाचून मग ठरवावे.