फोनवर कॅलिग्राफी करताय? आधी र. कृ. जोशींना भेटा

मावशीने एक काम अंगावर टाकलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली. आमच्या वटारला वाडीतल्या राजेळी केळ्यांची ती सुकेळी करते. आजवर ओळखीच्यांना सुक्या पानात बांधून द्यायची. आता पाकिटं करून विकायचं ठरलं आणि पाकिटावर एकच शब्द मोठा हवा होता: सुकेळी. तयार फॉन्ट नको, हाताने लिहिलेला हवा, अशी तिची अट. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणजे फोनवर काहीही करू शकतो, असं घरच्यांचं ठाम मत.

ड्रॉइंग ॲप उघडलं आणि बोटाने शब्द लिहिला. सगळीकडे सारखी जाडी, कुठे जीव नाही. त्यातला ळ तर दोरीची गुंडाळी पडल्यासारखा दिसत होता. मग दाब ओळखणारा स्टायलस घेतला. पैसे गेले, ळ तसाच राहिला. दोष कुठे आहे ते शोधताना मी र. कृ. जोशी यांच्यापर्यंत पोहोचलो. विंडोजवर कधी मराठी वाचलं असेल, तर त्यांनी घडवलेली अक्षरं तुम्ही नक्की पाहिली आहेत.

जाहिरातीतून वर्गात

रघुनाथ कृष्ण जोशी यांचा जन्म १९३६ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये कलेचं शिक्षण झालं आणि ते जाहिरात क्षेत्रात गेले. आधी डी. जे. केमर, मग उल्का. बरीच वर्षं त्यांनी जाहिराती, बोधचिन्हं, मांडणी असं काम केलं. सोबत मराठीत कविताही लिहिल्या. कवितेत शब्दाचा अर्थ जितका महत्त्वाचा, तितकंच तो कागदावर दिसतो कसा हेही महत्त्वाचं, असा त्यांचा कल होता.

त्या काळात जाहिरातीचं जग बहुतांशी इंग्रजीत चालायचं. रोमन अक्षरांचे टाइप ढिगाने मिळायचे, देवनागरीत मोजकेच. जोशी जुन्या हस्तलिखितांकडे आणि शिलालेखांकडे वळले. अक्षर कोणत्या हत्याराने, कोणत्या पृष्ठभागावर, हाताच्या कोणत्या हालचालीतून तयार झालं, हे ते पाहत. भारतातल्या सगळ्या भाषांना चालेल अशी एक सामाईक लिपीही त्यांनी मांडून पाहिली होती, तिचं नाव देशनागरी. ती रूढ झाली नाही. पण वेगवेगळ्या लिप्यांच्या अक्षरांकडे एकत्र पाहायची सवय त्यांना पुढे कामी आली.

१९८३ मध्ये ते पवईला आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे डिझाइन शिकवणाऱ्या केंद्रात, प्राध्यापक झाले. १९९६ पर्यंत तिथे होते.

बोरूचं गणित

माझा ळ का फसला, हे कळायला आधी बोरू समजून घ्यावा लागेल. बोरूचं टोक गोल नसतं, पट्टीसारखं सपाट असतं आणि तिरकं कापलेलं असतं. लिहिताना ही पट्टी एकाच कोनात धरायची. मग रेघेची जाडी दाबावर फारशी ठरत नाही, हात कोणत्या दिशेला चाललाय त्यावर ठरते.

समजा टोक ५ मिलिमीटर रुंद आहे आणि ४५ अंशात धरलंय. पट्टीच्या काटकोनात हात सरकला, तर पूर्ण ५ मिलिमीटर जाड रेघ येते. पट्टीच्याच दिशेत सरकला, तर केसासारखी बारीक. आडवी शिरोरेषा आणि उभा काना दोन्ही साधारण ३.५ मिलिमीटर येतात, कारण ४५ अंशाचा साइन ०.७ च्या आसपास असतो. बारावीत साइन-कोसाइन कशाला शिकतोय असं वाटायचं ना? ते इथे लागतं.

अजून एक गंमत आहे. देवनागरीचा बोरू रोमन कटनिबाच्या उलट बाजूने तिरका कापतात. त्यामुळे रोमनमध्ये जी तिरकी रेघ जाड येते, ती देवनागरीत बारीक येते. बाजारात मिळणारी परदेशी कॅलिग्राफी पेनं घेऊन मराठी लिहिलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, त्याचं हे एक कारण. ळ मध्ये तर रेघ सगळ्या दिशांना फिरते. कोन चुकला की लगेच दिसतं.

आता फोनकडे या. काचेखाली अगदी बारीक तारांची जाळी असते. बोट टेकलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि फोनला कळतं की बोट अमुक ठिकाणी आहे. म्हणजे मिळतात दोन आकडे, आडवा आणि उभा. चांगला स्टायलस यात दाब आणि कल यांची भर घालतो. दाबाच्या ४०९६ पातळ्या वगैरे जे जाहिरातीत वाचतो, ते हेच. पण मी ज्या ब्रशने लिहीत होतो त्याचं टोक गोल होतं. गोल टोक कुठूनही पाहा, सारखंच. दाबाने त्याची जाडी कमीजास्त होईल, पण बोरूची दिशा त्यात येणार कुठून?

कॉम्प्युटरला बोरू शिकवणारा माणूस

जोशींनी हा प्रश्न आजचे टचस्क्रीन फोन येण्याच्या कितीतरी आधी हाताळला होता. जुहूला एनसीएसटी नावाची सरकारी सॉफ्टवेअर संस्था होती (पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली). तिथल्या संगणकतज्ज्ञांबरोबर त्यांनी विन्यास नावाच्या टाइप-डिझाइन प्रणालीवर काम केलं.

त्यामागची कल्पना साधी आहे. फॉन्टमध्ये अक्षर साठवताना सहसा त्याची बाहेरची कड साठवतात, कात्रीने कापलेल्या कागदासारखी. त्यात हात कसा फिरला याचा पत्ता राहत नाही. विन्यासमध्ये अक्षर म्हणजे फटकारा: रेघेचा मधला मार्ग एकीकडे आणि त्यावरून फिरणाऱ्या टोकाचा आकार नि कोन दुसरीकडे. मार्ग तोच ठेवून टोक बदललं की अक्षराचं रूप बदलतं. लिहिणाऱ्याच्या हाताचं ज्ञान असं यंत्राला कळेल अशा भाषेत आलं.

हे वाचताना मी माझ्या फोनकडे पाहिलं. बोटाकडून मार्ग मिळतोच आहे, फक्त टोक सॉफ्टवेअरने द्यायला हवं. म्हणजे महागडा स्टायलस नसला तरी चालतं!

साठीनंतरचं सगळ्यात मोठं काम

आयआयटी सोडली तेव्हा जोशी साठीचे होते. लोक निवृत्तीचे बेत करतात त्या वयात ते एनसीएसटीत डिझाइनतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. तेव्हा कॉम्प्युटरवरची मराठी म्हणजे सावळागोंधळ होता. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, आतले कोड वेगळे. तुम्ही पाठवलेली फाइल समोरच्याकडे उघडली की अगम्य चिन्हांची रांग. युनिकोडने यावर उपाय काढला: प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. आपल्या ळ चा क्रमांक ०९३३.

पण क्रमांक म्हणजे अक्षर नव्हे. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात १२८ जागा आहेत, त्यात क्ष किंवा ज्ञ ही जोडाक्षरं स्वतंत्र नाहीत. ती फॉन्टने नियम लावून जोडायची. ऱ्हस्व वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर आणि दिसते आधी. रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. हे सगळं सांभाळणारा आणि त्या वेळच्या जाडजूड पिक्सेलच्या मॉनिटरवर लहान आकारातही वाचता येणारा फॉन्ट हवा होता.

तो फॉन्ट म्हणजे मंगल. विंडोज २००० बरोबर तो आला. तमिळसाठी लता, तेलुगूसाठी गौतमी, कन्नडसाठी तुंगा, मल्याळमसाठी कार्तिका हे विंडोजमधले फॉन्टही जोशींच्या देखरेखीखाली सहकाऱ्यांनी घडवले. शिवाय रघु नावाचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुले झाले.

कॉलेजात असताना मी मंगलला नावं ठेवायचो. रुक्ष आहे, सरकारी वाटतो, म्हणायचो. ज्या माणसाचं आयुष्य बोरूच्या फटकाऱ्यात गेलं, त्याने पडद्यासाठी ते सगळं वळण आवरून धरलं होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दहा-बारा पिक्सेल उंचीत नाजूक बारीक रेघ टिकत नाही, तुटते. लग्नपत्रिकेसाठी काढलेलं अक्षर आणि मेनूत वाचायचं अक्षर यांची कामं वेगळी असतात.

शेवटच्या वर्षांत वैदिक संस्कृतातली स्वरचिन्हं युनिकोडमध्ये यावीत यासाठी सी-डॅकमध्ये त्यांचं काम चालू होतं. फेब्रुवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं. वैदिक चिन्हांचा वेगळा विभाग युनिकोडमध्ये आला २००९ मध्ये. पहिला अँड्रॉइड फोनसुद्धा ते गेले त्याच वर्षाच्या उत्तरार्धात बाजारात आला. बोटाने काचेवर लिहिणारी आपली पिढी त्यांना पाहायला मिळाली नाही.

मग सुकेळीचं काय झालं?

तुम्हालाही करून पाहायचं असेल तर हे करा. ॲपमध्ये गोल ब्रशऐवजी सपाट ब्रश निवडा. त्याचा कोन ४५ अंशांवर पक्का करा, असा की सपाट कड वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जाईल. रेघेबरोबर ब्रश आपोआप वळतो, ती सोय बंद करा. दाबाने जाडी बदलणंही बंद. आता बोटाने क लिहून बघा.

फरक लगेच दिसेल. पण खरं सांगतो, माझा ळ तरीही बरा आला नाही. जाडबारीकपणा आला, वळण नाही आलं. सॉफ्टवेअर टोक देतं, मार्ग शेवटी माझ्याच हाताचा ना! मग वाडीच्या कुंपणाजवळची बांबूची काडी तिरकी कापली, शाई आणली आणि रद्दी पेपरवर रोज रात्री जेवण झालं की ळ काढत बसलो. तीन आठवडे. जोशींनी यंत्राकडे वळण्याआधी कित्येक वर्षं हाताने अक्षरं काढली होती, त्यापुढे तीन आठवडे म्हणजे काहीच नाही.

चौथ्या आठवड्यात पुन्हा फोन घेतला. स्टायलस कपाटातच होता. बोटानेच लिहिलं.

मावशीने ते पाहिलं, पाकीट हातात धरून लांब नेलं, जवळ आणलं आणि छापायला द्यायला सांगितलं. वेलांटी जरा आखूड झालीये, हेही तिनेच दाखवलं. बरोबर होतं तिचं. पुढच्या छपाईआधी नीट करतो.