डॉ. कमल रणदिवे : पेशीपासून पाड्यापर्यंत

देवळाली प्रवरेच्या नावातच जी नदी आहे, ती याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील सह्याद्रीत उगम पावते. त्या डोंगराळ भागात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करण्याचे काम उतारवयात एका विदुषीने हाती घेतले होते. कर्करोगाच्या संशोधनात हयात वेचलेल्या डॉ. कमल रणदिवे त्या होत. सूक्ष्मदर्शकाखालील पेशी आणि पाड्यावरील मूल यांचा संबंध काय, याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच सापडते.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यातील समर्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. मुलीची ओढ मात्र शास्त्राकडे. हुजूरपागा व फर्ग्युसन येथील शिक्षणानंतर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून १९४३ साली त्यांनी एम. एस्‌सी. पदवी मिळवली. विवाहानंतर त्या मुंबईत आल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या अभ्यासाला कायमची दिशा लाभली.

उंदरांच्या काही वाणांना स्तनाचा कर्करोग सहज होतो, काहींना क्वचित. असे का व्हावे, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९४९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी जिवंत ऊती काचपात्रात वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले व परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ते रुजवले. पेशी शरीराबाहेर वाढवता येऊ लागली, तरी आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा एकत्रित विचार त्यांनी सोडला नाही. याच केंद्रात कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून मिळालेल्या जंतूंवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. त्यातूनच पुढे तेथे कुष्ठरोगावरील लस तयार झाली. कुष्ठरोग सौम्य राहणार की उग्र होणार, हे बव्हंशी रुग्णाच्या प्रतिकारक पेशीच ठरवतात.

बी कितीही जोमदार असले तरी ते रुजायला अनुकूल जमीन लागते. कर्करोगाच्या प्रसाराबाबत हा विचार लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी १८८९ सालीच मांडला होता. मोठ्या आतड्याचा कर्करोग हे त्याचे आजचे ठळक उदाहरण होय. रणदिवे यांचे काम या रोगावर नव्हते. पण त्यांनी धरलेली दिशा येथे स्पष्ट दिसते. आतड्यातील रक्त शिरेवाटे प्रथम यकृतात जाते, म्हणून तेथील गाठीच्या पेशी बहुधा यकृतातच ठाण मांडतात. २००६ साली पॅरिसच्या संशोधकांनी दाखवले की, आतड्यातील गाठीत टी-पेशींची दाटी किती आहे, यावरून रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज बांधता येतो. यकृतातील गाठींचे वर्तन मात्र गुंतागुंतीचे आहे. एकाच रुग्णाच्या दोन गाठींत या रक्षक पेशींची संख्या भिन्न असू शकते. आणि तेथील काही महाभक्षी पेशी टी-पेशींनाच नष्ट करतात, असे २०२१ साली उंदरांवरील प्रयोगांत आढळले. गाठ समजून घ्यायची तर तिच्याभोवतीचे शरीरही समजून घेतले पाहिजे, हाच याचा अर्थ.

आणि शरीराची ही जमीन कसदार होते ती अन्नाने. कुपोषणाने प्रतिकारक पेशी दुबळ्या होतात, हे वैद्यकाने सिद्ध केले आहे. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या, १९८२ साली पद्मभूषण किताबाने गौरवलेल्या या विदुषीला निवृत्तीनंतर अकोल्याच्या डोंगरात जावेसे वाटले, ते या दृष्टीने स्वाभाविकच म्हटले पाहिजे. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या अंगाला ऊस पिकवला, शाळा-महाविद्यालये उभी केली. ज्या डोंगरातून हे पाणी येते, तेथील मुलांच्या ताटात काय पडते, याची विचारपूस कर्करोगाच्या एका संशोधिकेला आपल्या शास्त्राचाच भाग वाटली. लाभक्षेत्रातील सुशिक्षितांनी ती आपल्याही कर्तव्याचा भाग मानली, तर रणदिवे यांचे स्मरण सार्थ ठरेल.