कादंबरीकार हरिभाऊ आपटे

आधुनिक मराठी कादंबरीचा पाया घालणारे लेखक म्हणून हरि नारायण आपटे यांचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते. हरिभाऊंना लेखनाची देणगी जन्मतः लाभली होती, हे खरे. परंतु केवळ देणगीच्या बळावर कोणी ग्रंथकार होत नाही. आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे न चुकता लिहीत राहण्याचे व्रत त्यांनी घेतले आणि ते निष्ठेने चालविले. त्यांचे चरित्र ही मुख्यतः या व्रताची कथा आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे या गावी झाला. बालपणीच त्यांचे मातृछत्र हरपले. मुंबईस काही काळ शिक्षण झाल्यावर ते पुण्यास आले आणि पुढे पुणे हीच त्यांची कर्मभूमी झाली. त्या वेळी पुण्यात नव्या विचारांचे वारे वाहत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकण्याचे भाग्य हरिभाऊंना लाभले. मराठी भाषेत उत्तम ग्रंथ निर्माण झाले पाहिजेत, ही तळमळ त्यांच्या मनात येथेच रुजली.

सन १८८२ मध्ये विष्णुशास्त्र्यांचे अकाली निधन झाले. हरिभाऊंचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. गुरूच्या वियोगाचे दुःख त्यांनी ‘शिष्यजनविलाप’ या काव्यातून प्रकट केले. पुढे आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचे ‘विकारविलसित’ या नावाने भाषांतर केले, तेव्हा या तरुण विद्यार्थ्याने त्यावर सविस्तर टीकालेख लिहिला. प्रत्यक्ष गुरूच्या ग्रंथाचे गुणदोष निर्भयपणे दाखविणे ही लहानसहान गोष्ट नव्हती.

महाविद्यालयात मात्र हरिभाऊंना यश लाभले नाही. गणित हा विषय त्यांना फार जड जाई. इंग्रजी व संस्कृत ग्रंथांच्या वाचनात ते तासन् तास रमत, परंतु गणिताच्या पुस्तकात त्यांचे चित्त लागत नसे. अखेर पदवी न मिळविताच त्यांना शिक्षण सोडावे लागले. त्या काळी पदवीधरास सरकारी नोकरी किंवा वकिलीचा मार्ग मोकळा असे. ज्याला पदवी नाही आणि ज्याला ग्रंथकार व्हावयाचे आहे, अशा तरुणापुढे कोणताच आखलेला मार्ग नव्हता. मराठी वाचकांची संख्या थोडी होती. कादंबऱ्या लिहून संसार चालविता येईल, अशी परिस्थिती मुळीच नव्हती.

हरिभाऊंचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईच्या उच्च न्यायालयातील वकील होते. प्राचीन संस्कृत ग्रंथांचे जतन व मुद्रण व्हावे, म्हणून त्यांनी पुण्यात बुधवार पेठेत आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. तिच्या व्यवस्थापनाचा भार हरिभाऊंवर आला आणि तो त्यांनी जन्मभर वाहिला. जुन्या हस्तलिखितांचा सांभाळ करणे, पंडितांकडून पाठ शुद्ध करून घेणे, छापखान्याच्या कामावर देखरेख ठेवणे, अशी अनेक कामे तेथे असत. आनंदाश्रमाने छापलेल्या कित्येक संस्कृत ग्रंथांच्या मुखपृष्ठावर प्रकाशक म्हणून हरिभाऊंचेच नाव आढळते. या कामामुळे त्यांच्या चरितार्थास स्थैर्य आले आणि ग्रंथ कसा सिद्ध होतो, याचे ज्ञानही त्यांना झाले.

हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ ही १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. त्या वेळी ते एकवीस वर्षांचे होते. तोपर्यंत मराठीत ज्या कादंबऱ्या लोकप्रिय होत्या, त्यांमध्ये ‘मुक्तामाला’ व ‘मंजुघोषा’ यांच्यासारख्या अद्भुतरम्य कथांचा भरणा होता. राजपुत्र, राजकन्या, घोर अरण्ये आणि चमत्कारिक योगायोग यांत वाचक रंगून जात. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ या १८५७ च्या कथेत विधवांच्या दुःखाचे चित्र आले होते, परंतु तो मार्ग पुढे फारसा कोणी चोखाळला नव्हता. हरिभाऊंनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या कथेचा आधार घेतला खरा; तथापि त्यांनी चित्र रेखाटले ते पुण्यातील मध्यम वर्गाचे. आपल्या शेजारच्या घरात घडणाऱ्या गोष्टीही कादंबरीचा विषय होऊ शकतात, हे वाचकांना त्यातून दिसून आले.

दुसऱ्यांच्या पत्रांतून लिहिताना लेखकास त्या पत्रांच्या सोयीने चालावे लागते. आपल्या लेखनासाठी हक्काचे स्थान असावे आणि घरातील स्त्रियांना व मुलांनाही निःसंकोच वाचता येईल असे पत्र असावे, या हेतूने हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. राजकारणाची चर्चा ‘केसरी’ करीत होता, समाजसुधारणेचा पक्ष आगरकरांचा ‘सुधारक’ मांडीत होता. ‘करमणुकी’ने वादविवादाचा मार्ग टाळून कथा, कविता, चरित्रे व शास्त्रीय माहिती यांच्या द्वारे मनोरंजनाबरोबर सद्विचार पेरण्याचे ठरविले.

या पत्रातच हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही अजरामर कादंबरी प्रसिद्ध झाली. यमुना नावाची मुलगी स्वतःची जीवनकथा सांगत आहे, अशी तिची रचना आहे. माहेरची शिस्त, सासरचा जाच, पतीच्या सहवासातील थोडे सुखाचे दिवस, नंतर आलेले वैधव्य आणि सक्तीने केलेले केशवपन, हे सर्व यमुना साध्या घरगुती भाषेत सांगते. ही कादंबरी चालू असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले होते. सभा गाजत होत्या, वर्तमानपत्रे एकमेकांवर तुटून पडत होती. त्या गदारोळात ज्यांच्याविषयी वाद चालला होता, त्या मुलींचा शब्द सहसा कोणाच्या कानी पडत नव्हता. हरिभाऊंनी कोणाशी वाद घातला नाही. त्यांनी यमुनेला बोलू दिले. नियतकालिकातून आलेली ही कथा आठवड्याच्या अंतराने घरोघर पोहोचत होती. ज्या घरात सुधारकांचे व्याख्यान कोणी ऐकून घेतले नसते, त्या घरातही यमुनेची कहाणी वाचली जाऊ शकत होती.

सामाजिक कादंबऱ्यांबरोबर हरिभाऊंनी ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्या. ‘म्हैसूरचा वाघ’ ही त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी एका इंग्रजी कादंबरीच्या आधारे लिहिलेली होती. त्यानंतर मात्र ते स्वतंत्र वाटेने चालले. ‘उषःकाल’ या कादंबरीत त्यांनी शिवकालाच्या आरंभीचा महाराष्ट्र उभा केला. सिंहगडावरील तानाजीच्या पराक्रमावर त्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी रचली, तर ‘वज्राघात’मध्ये विजयनगरच्या साम्राज्याचा अंत वर्णिला. ‘करमणुकी’तून त्यांनी अनेक लहान कथाही लिहिल्या. त्यांना ते स्फुट गोष्टी म्हणत. मराठी लघुकथेची वाट त्यांतूनच पुढे प्रशस्त झाली.

साप्ताहिकातून कादंबरी लिहिणे हे काम दिसते तितके सोपे नाही. आठवडा संपला की पुढील प्रकरण तयार हवे. खिळे जुळविणारे कामगार मजकुराची वाट पाहत असतात आणि वर्गणीदारांना ठरल्या दिवशी अंक हवा असतो. लेखकाचे मन प्रसन्न असो वा नसो, त्याला लेखणी उचलावीच लागते. लिहिलेले पुनःपुन्हा तपासून सुधारण्यास त्याला सवड मिळत नाही. या घाईची किंमत हरिभाऊंना द्यावी लागली. त्यांच्या काही कादंबऱ्या पाल्हाळिक झाल्या. ‘गणपतराव’, ‘सूर्यग्रहण’ आणि ‘कर्मयोग’ या कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. परंतु हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, हा आठवड्याचा तगादा नसता, तर एवढे विपुल लेखन त्यांच्या हातून क्वचितच झाले असते. ज्या बंधनाने त्यांच्या लेखनात उणिवा आणल्या, त्याच बंधनाने त्यांच्याकडून मराठी कादंबरीचे एक मोठे दालन उभे करून घेतले. सुमारे सत्तावीस वर्षे, म्हणजे १९१७ पर्यंत, त्यांनी ‘करमणूक’ चालविले.

हरिभाऊ केवळ लेखणीत गुंतून राहिले नाहीत. पुण्यात प्लेगची भयंकर साथ आली, तेव्हा ते लोकांच्या साहाय्यास धावले. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. गणितात अडखळून ज्याला पदवी मिळाली नव्हती, त्याला मराठी साहित्यिकांनी हा सर्वोच्च मान दिला.

इतरांच्या लेखनाविषयीही त्यांना तेवढीच आस्था होती. केशवसुतांच्या कवितेचे मोल फार थोड्या लोकांना कळत होते, त्या काळात ‘करमणुकी’ने त्यांच्या कवितांना स्थान दिले. १९०५ मध्ये केशवसुत निवर्तले. त्यांच्या कविता निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेल्या होत्या. त्या एकत्र करून पुस्तकरूपाने प्रसिद्ध करण्याचे काम हरिभाऊंनी केले. स्वतःला प्रकाशनासाठी जे कष्ट पडले, त्यांची जाणीव असल्यामुळेच दुसऱ्याचे चांगले लेखन लोकांपुढे यावे, असे त्यांना वाटत असावे.

३ मार्च १९१९ रोजी पुण्यात हरिभाऊंचे निधन झाले. वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा अवघे पाच दिवस उरले होते. त्यांच्या मागून अनेक थोर कादंबरीकार मराठीत झाले आणि लेखनाच्या नव्या पद्धती रूढ झाल्या. तरीही यमुनेची कहाणी आजही वाचली जाते. पदवी नाही, वाचक थोडे आणि मिळकत बेताची, अशा स्थितीत हरिभाऊंनी लेखन सुरू केले. अनुकूल काळ येईपर्यंत ते थांबले नाहीत. रोजची कर्तव्ये सांभाळून ते दर आठवड्यास लिहीत राहिले आणि त्या नियमित श्रमांतूनच मराठी कादंबरीला नवे रूप लाभले.