नभोवाणीचा साक्षीदार

१९३६ सालच्या ३० नोव्हेंबरची रात्र होती. लंडनच्या दक्षिणेकडील आकाश लालभडक झाले होते. लोखंड आणि काच यांनी बांधलेला ‘क्रिस्टल पॅलेस’ हा विशाल स्फटिकमहाल पेटला होता. १८५१ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेली ही वास्तू पुढे लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅमच्या टेकडीवर हलविण्यात आली होती. तिच्या काचा तडातड फुटत होत्या आणि लोखंडी कमानी वाकून कोसळत होत्या. सायंदैनिके केव्हाच छापून झाली होती. सकाळच्या वृत्तपत्रांना अद्याप अवकाश होता. अशा वेळी तेवीस वर्षांचा एक तरुण बातमीदार जवळच्या सार्वजनिक टेलिफोनपाशी धावला आणि डोळ्यांसमोर चाललेला तो अग्निप्रलय त्याने बी. बी. सी.च्या श्रोत्यांना तेथूनच सांगितला. त्याच्या शब्दांमागून बंबांच्या घंटा आणि लोकांचा कोलाहल ऐकू येत होता. या तरुणाचे नाव रिचर्ड डिंबलबी.

डिंबलबी यांचा जन्म २५ मे १९१३ रोजी लंडनजवळील रिचमंड या गावी झाला. त्यांच्या घराण्याचे एक स्थानिक वृत्तपत्र होते. मिल हिल येथील शाळेतून बाहेर पडल्यावर ते त्याच पत्रात उमेदवारी करू लागले. खिळे जुळविण्याचा आवाज आणि शाईचा वास यांच्या सहवासात त्यांनी बातमीचे पहिले धडे गिरविले. पुढे आणखी दोन पत्रांत काम करून १९३६ साली ते बी. बी. सी.त आले.

त्या काळी नभोवाणीवरील बातम्या म्हणजे वृत्तसंस्थांकडून आलेला मजकूर निवेदकाने संथ स्वरात वाचून दाखविणे, एवढाच प्रकार असे. बातमीदार स्वतः घटनास्थळी जात नसे. डिंबलबी यांना हे पटेना. नोकरीसाठी धाडलेल्या पत्रातच त्यांनी आपली कल्पना मांडली होती : बातमीदाराने प्रसंगाच्या ठिकाणी जावे, प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना बोलते करावे आणि ते सारे श्रोत्यांच्या कानांपर्यंत पोहोचवावे. आज ही गोष्ट इतकी सामान्य वाटते की, ती कोणाला तरी प्रथम सुचावी लागली असेल हे ध्यानातही येत नाही.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि बी. बी. सी.चे पहिले युद्धवार्ताहर म्हणून डिंबलबी ब्रिटिश सैन्याबरोबर फ्रान्समध्ये गेले. आवाज तबकड्यांवर कोरून घेणारी अवजड यंत्रे मोटारीत घालून हिंडावे लागे. पुढे त्यांची रवानगी मध्यपूर्वेत झाली. तेथे मात्र एक कटू अनुभव त्यांच्या वाट्यास आला. कैरो येथील सेनाधिकारी परिस्थितीचे जे आशादायक चित्र रंगवीत, त्यावर त्यांच्या वार्तापत्रांत फार भर असतो, असा त्यांच्यावर ठपका आला. १९४२ साली त्यांना लंडनला परत बोलावण्यात आले. आक्षेप अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. मुख्यालयाच्या चष्म्यातून पाहिलेले युद्ध आणि रणांगणावरचे युद्ध यांत अंतर असते.

त्यानंतरचे डिंबलबी अधिक जवळून युद्ध पाहताना दिसतात. जानेवारी १९४३ मध्ये बर्लिनवर बाँबहल्ला करण्यास निघालेल्या एका लँकेस्टर विमानात ते बसले. वैमानिक होता गाय गिब्सन. खालून तोफगोळे फुटत होते, शोधदिव्यांचे झोत विमानाचा पाठलाग करीत होते आणि या वार्ताहरापाशी शस्त्र असे काहीच नव्हते. अशा सुमारे वीस मोहिमांत त्यांनी भाग घेतला. त्यांतील प्रत्येक वेळी विमान परत येईलच, अशी खात्री कोणीही देऊ शकत नव्हते.

परंतु त्यांची खरी कसोटी एप्रिल १९४५ मध्ये लागली. १५ एप्रिल रोजी ब्रिटिश सैन्याने उत्तर जर्मनीतील बेल्सेन येथील छळछावणी ताब्यात घेतली आणि थोड्याच दिवसांत डिंबलबी आत गेले. सुमारे साठ हजार बंदी तेथे होते. उपासमार आणि विषमज्वरासारखी एक घातक साथ यांनी त्यांची नुसती हाडे उरली होती. हजारो प्रेते पुरल्यावाचून तशीच पडली होती. जिवंत कोण आणि मृत कोण, हे ओळखणेही अवघड होते. जिची दैनंदिनी पुढे जगभर वाचली गेली, ती अ‍ॅन फ्रँक ही मुलगी याच छावणीत थोडेच आठवडे आधी मरण पावली होती. डिंबलबी यांनी पाहिले ते कोणतेही विशेषण न शोधता, शांतपणे ध्वनिमुद्रित केले. बोलताना अनेकदा त्यांचा कंठ दाटून आला असे सांगतात.

हे निवेदन लंडनला पोहोचले, तेव्हा ते प्रसारित करण्यास अधिकारी धजेनात. माणसे माणसांशी असे वागली असतील, यावर त्यांचा विश्वास बसेना. दुसरीकडून दुजोरा मिळेपर्यंत थांबावे, असे त्यांना वाटले. सावधगिरी हा वृत्तविभागाचा धर्मच आहे, तेव्हा त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. पण डिंबलबी यांनी ते सारे स्वतः पाहिले होते. निवेदन प्रसारित झाले नाही तर आपण पुन्हा कधीही नभोवाणीवर बोलणार नाही, असे त्यांनी निक्षून कळविले. अखेर १९ एप्रिल रोजी ते ऐकविण्यात आले. ज्यांनी ते ऐकले, त्यांच्या मनातून ते पुसले गेले नाही.

युद्धानंतर त्यांनी बी. बी. सी.ची कायम नोकरी सोडली. मात्र आवाज घरोघरी पोहोचतच राहिला. गावोगाव जाऊन तेथील लोहार, शिक्षक, दुकानदार यांच्याशी गप्पा मारण्याचा ‘डाउन युवर वे’ हा कार्यक्रम त्यांनी अनेक वर्षे सादर केला. पुढे दूरचित्रवाणीचा काळ आला. २ जून १९५३ रोजी राणी दुसरी एलिझाबेथ हिचा राज्याभिषेक झाला, तेव्हा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या उंच सज्जात बसून डिंबलबी यांनी त्याचे वर्णन केले. सुमारे दोन कोटी लोकांनी तो सोहळा पडद्यावर पाहिला. पुष्कळांनी तर शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसून पाहिला. प्रत्येक विधी, प्रत्येक वस्त्र, प्रत्येक मानकरी यांची माहिती त्यांनी आधी कसून गोळा केली होती. चित्र स्वतः बोलत असेल तेथे निवेदकाने गप्प राहावे, ही जाण त्यांच्या ठायी होती. राजघराण्याविषयी त्यांची भाषा फार भक्तिभावाची असते, अशी टीकाही काहींनी केली, आणि तीत तथ्य होते.

१९५५ पासून ‘पॅनोरमा’ या साप्ताहिक कार्यक्रमाचे ते सूत्रधार झाले. देशातील गंभीर प्रश्न येथे चर्चिले जात. याच कार्यक्रमात १९५७ सालच्या १ एप्रिलला एक गंमत झाली. स्वित्झर्लंडमधील एक कुटुंब झाडांवरून स्पॅगेटीचे पीक काढीत आहे, असे चित्रण दाखविण्यात आले. स्पॅगेटी हा आपल्या शेवयांसारखा कणकेचा इटालियन पदार्थ. तेव्हा इंग्लंडात तो फारसा परिचित नव्हता. डिंबलबी यांनी यंदाची थंडी सौम्य असल्याने पीक चांगले आले आहे, असे नेहमीच्या गंभीर स्वरात सांगितले. एप्रिल फूलचा हा विनोद कित्येकांच्या लक्षातच आला नाही. हे झाड लावावे कसे, अशी विचारणा त्यांनी बी. बी. सी.कडे केली. बेल्सेनचे सत्य ज्या आवाजाने सांगितले, तेव्हा त्यावर विश्वास ठेवणे जड गेले होते. आता त्याच आवाजाने सांगितलेली थट्टाही लोक खरी मानीत होते!

१९६० साली त्यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. ही गोष्ट त्यांनी पाच वर्षे बाहेर फुटू दिली नाही. उपचार घ्यावेत आणि पुन्हा ध्वनिक्षेपकासमोर येऊन बसावे, असा क्रम चालू होता. १९६१ साली मॉस्कोहून झालेले थेट प्रक्षेपण, १९६२ साली टेलस्टार उपग्रहाच्या साहाय्याने अमेरिकेशी जुळलेला चित्रसंपर्क, निवडणुकांच्या निकालांच्या लांबलचक रात्री, हे सारे याच काळातले. ३० जानेवारी १९६५ रोजी विन्स्टन चर्चिल यांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हाही निवेदन त्यांचेच होते. कित्येक तास चाललेल्या त्या निवेदनात त्यांच्या दुखण्याची पुसटशीही खूण प्रेक्षकांना जाणवली नाही.

नोव्हेंबर १९६५ मध्ये मात्र त्यांच्या आजाराचे नाव जाहीर करण्यात आले. त्या काळी कर्करोग हा शब्द लोक दबक्या आवाजात उच्चारीत. रोग्यालाही तो सांगत नसत. इतक्या प्रसिद्ध माणसाने तो उघडपणे सांगितला, याचे अनेक रुग्णांना मोठे बळ वाटले. हजारो पत्रे आली. २२ डिसेंबर १९६५ रोजी लंडनमधील सेंट टॉमस रुग्णालयात, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, डिंबलबी यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने कर्करोग संशोधनासाठी निधी उभारण्यात आला. डेव्हिड आणि जोनाथन हे त्यांचे पुत्रही पुढे याच क्षेत्रात नावारूपास आले.

जानेवारी १९६६ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्यांच्यासाठी स्मृतिप्रार्थना झाली. ज्या वास्तूतील राज्याभिषेक त्यांनी देशाला दाखविला होता, तेथे पुन्हा चित्रग्राहक यंत्रे लावण्यात आली. या वेळी निवेदनाला मात्र दुसऱ्या कोणाला तरी बसावे लागले. १९९० साली त्याच अ‍ॅबीच्या कविकोपऱ्यात त्यांचा स्मृतिलेख बसविण्यात आला.