कोंबडा की तलंग? पहिल्याच दिवशी सांगणारा शास्त्रज्ञ

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वाड्या-पाड्यांवर खुडूक कोंबडीखालून पिल्ले बाहेर पडली, की घरातल्या बाईच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच : यांत तलंगा किती आणि कोंबडे किती? तलंग मोठी झाली की अंडी देणार, पुढे स्वतःही उबवायला बसणार. कोंबडा मात्र पाहुण्याच्या ताटात किंवा बाजारात जाणार. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग निघते, असे सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. कोणी पिल्लाला पायाने उलटे धरून पाहतो, कोणी अंड्यावर दोऱ्याला बांधलेली अंगठी झुलवतो. यातल्या कशालाही शास्त्रीय आधार नाही. निम्म्या वेळा अंदाज खरा ठरतो, कारण पिल्लांत नर-मादी साधारण निम्मे-निम्मेच असतात.

मुंबईच्या बाजारासाठी मांसल कोंबड्या वाढवणाऱ्या शेडमध्ये हा प्रश्न फारसा अडत नाही, कारण तिथे नर आणि मादी दोन्ही विकले जातात. अंड्यांच्या धंद्यात मात्र सगळे गणित त्यावर आहे. अंडी देणाऱ्या जातीचा कोंबडा अंडे देत नाही आणि अंगाने भरतही नाही. कळेपर्यंत त्याला दोन महिने दाणा घालावा लागतो. पिल्लाचे लिंग जन्मल्या दिवशीच, नुसते बघून ओळखता यावे, अशी सोय अनुवंशशास्त्राच्या आधारे करून देणाऱ्यांत एक मोठे नाव आहे रेजिनाल्ड पनेट यांचे. शाळा-कॉलेजात जीवशास्त्र शिकलेल्यांना ते नाव ‘पनेटच्या चौकोना’मुळे आठवेल. त्या चौकोनामागचा माणूस आयुष्यभर कोंबड्यांत रमलेला होता, हे मात्र पुस्तकात सहसा येत नाही.

पनेट यांचा जन्म २० जून १८७५ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या टनब्रिज गावी झाला. लहानपणी अपेंडिक्सच्या दुखण्याने त्यांना अंथरुणाला खिळून राहावे लागले. त्या दिवसांत घरातली प्राणी-पक्ष्यांची सचित्र पुस्तके त्यांच्या हाती पडली आणि निसर्गाची गोडी लागली. केंब्रिजला ते वैद्यकशास्त्र शिकण्याच्या विचाराने गेले, पण मन प्राणिशास्त्राकडे वळले. सुरुवातीचे त्यांचे संशोधन समुद्रातल्या किड्यांवर होते.

त्याच सुमारास, १९०० साली, मेंडेलचे वाटाण्यांवरचे विसरले गेलेले काम पुन्हा उजेडात आले. केंब्रिजमध्ये विल्यम बेटसन यांनी ते उचलून धरले होते. हे नियम फक्त वाटाण्यांनाच लागू आहेत की प्राण्यांनाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पनेट त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी कोंबड्यांकडे मोर्चा वळवला. कोंबडी स्वस्त, पिल्ले भरपूर आणि तुऱ्यांचे, पिसांचे प्रकार डोळ्यांना सहज दिसणारे. गुलाबाच्या आकाराचा तुरा आणि वाटाण्याच्या शेंगेसारखा तुरा अशा दोन जातींचा संकर केला, तर पिल्लांना अक्रोडासारखा तिसराच तुरा येतो. पुढच्या पिढीत मात्र चार प्रकारचे तुरे ९ : ३ : ३ : १ या प्रमाणात दिसतात. दोन वेगळे गुणधर्म मिळून एक अवयव घडवतात, हे यातून सिद्ध झाले. असे हिशेब तोंडी करणे अवघड. म्हणून पनेट यांनी आई-वडिलांकडून येणारे घटक वर आणि बाजूला मांडून मधल्या घरांत संतती लिहिण्याची पद्धत पाडली. तोच तो चौकोन. १९०५ साली त्यांनी मेंडेलच्या नियमांवर एक छोटेखानी पाठ्यपुस्तक लिहिले. १९१० मध्ये बेटसन यांच्यासह ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९१२ मध्ये ते केंब्रिजमध्ये अनुवंशशास्त्राच्या ‘आर्थर बाल्फर’ अध्यासनाचे पहिले प्राध्यापक झाले.

नर-मादी यांच्यातल्या फरकाचे कोडे त्यांना फुलपाखरांतही दिसले. कढीपत्त्यावर आणि लिंबावर अंडी घालणारे ‘कॉमन मॉरमॉन’ फुलपाखरू कर्जत-माथेरानकडच्या बागांत नेहमी दिसते. त्याचे नर एकाच रूपाचे, पण माद्या तीन रूपांच्या असतात. त्यांतली दोन रूपे पक्षी टाळतात अशा दुसऱ्या फुलपाखरांसारखी दिसतात. याच फुलपाखराचा अभ्यास पनेट यांनी श्रीलंकेत जाऊन केला आणि १९१५ मध्ये त्या विषयावर पुस्तक लिहिले.

आता मूळ मुद्दा. माणसात आईकडून नेहमी एक्स गुणसूत्र मिळते आणि वडिलांकडून एक्स किंवा वाय. म्हणजे मुलगा की मुलगी, हे वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते. पक्ष्यांत नेमके उलटे आहे. कोंबड्याची दोन्ही लिंग गुणसूत्रे सारखी, झेड आणि झेड. कोंबडीकडे मात्र एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणून पिल्लू नर होणार की मादी, हे कोंबडी ठरवते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. त्यांचा आरोप कोंबडीला लागू पडेल, बाईला नाही.

पिसांचे काही रंग झेड गुणसूत्रावरच्या जनुकांमुळे येतात. समजा, कोंबडा सोनेरी-तांबड्या जातीचा आहे आणि कोंबडी रुपेरी जातीची. कोंबडीचा एकुलता झेड जातो तिच्या मुलग्यांकडे. मुलींना आईकडून मिळतो डब्ल्यू, आणि त्यावर हा रंग नसतो. रुपेरी रंग सोनेरीवर मात करतो. त्यामुळे सगळे नर पिल्लू फिकट पिवळट लवेचे निघतात आणि सगळ्या माद्या बापासारख्या तांबूस. पिल्लू अंड्यातून बाहेर आले, लव वाळली, की रंगावरून वाटणी करायची. चूक होण्याचे कारण उरत नाही.

हे ज्ञान प्रयोगशाळेतून शेतावर गेले ते पहिल्या महायुद्धात. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजे बुडवत होत्या आणि ब्रिटनमध्ये माणसांनाच धान्याची टंचाई होती. कोंबड्यांना किती घालायचे हा प्रश्न उभा राहिला. पनेट तेव्हा सरकारच्या अन्न उत्पादन खात्यात काम करत होते. ठरावीक जातींचा संकर करा, रंगावरून नर पहिल्याच दिवशी वेगळे काढा आणि दाणा फक्त तलंगांना घाला, असे त्यांनी सुचवले. अनुवंशशास्त्राचा शेतकऱ्याला इतका थेट उपयोग तोवर फारसा कोणी दाखवला नव्हता.

पण या युक्तीला एक मर्यादा होती, आणि ती कर्जतच्या भातशेतकऱ्याला लगेच कळेल. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने काढलेले ‘कर्जत-३’ हे सरळ वाण आहे. त्याचे बियाणे घरचे ठेवून पुन्हा पेरता येते. त्याच केंद्राचे ‘सह्याद्री’ हे संकरित भात मात्र दरवर्षी नवे बियाणे घेऊन पेरावे लागते, कारण घरचे बी पेरले तर पुढच्या पिढीत गुणांची फाटाफूट होते. रंगावरून ओळखण्याचा हा संकरही असाच एका पिढीचा. त्या पिल्लांचीच पुढे पैदास केली, तर दोन्ही रंग नर-मादी दोघांतही येतात आणि खूण पुसली जाते. जोडी उलटी लावली, म्हणजे रुपेरी कोंबडा आणि सोनेरी कोंबडी घेतली, तरी खूण मिळत नाही. सगळीच पिल्ले रुपेरी निघतात. म्हणजे शेतकऱ्याला दोन शुद्ध जाती कायम वेगळ्या सांभाळाव्या लागणार.

यावर उपाय म्हणून पनेट यांनी सरळ वाणासारखी कोंबडी घडवायचे ठरवले. पट्टेरी प्लायमाउथ रॉक जातीत पट्टे पाडणारे जनुक झेड गुणसूत्रावर असते. कोंबड्यात त्याच्या दोन प्रती असू शकतात, कोंबडीत एकच. दोन प्रती असल्या की पिल्लाची लव जास्त फिकट होते. पट्टेरी जातीची काळी लव हा फरक बराचसा झाकून टाकते. म्हणून पनेट यांनी हे जनुक संकरातून सोनेरी कॅम्पाइन या जातीत आणले. त्यांचे सहकारी मायकेल पीझ यांच्यासह १९२९च्या सुमारास ‘कॅमबार’ ही जात तयार झाली. तिच्यात नर पिल्लू फिकट आणि पुसट, मादी पिल्लू गडद आणि ठळक पट्ट्यांचे. ही खूण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दरवर्षी नवा संकर करावा लागत नाही. याच वाटेने पुढे ‘लेगबार’ आली. तिच्यातल्या एका प्रकाराची अंडी निळसर-हिरवी असतात. तो गुण दक्षिण अमेरिकेतून पनेट यांच्याकडे आलेल्या कोंबड्यांचा.

त्याच काळात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी दुसरी वाट शोधली. पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतला बारीक उंचवटा पाहून लिंग ओळखायचे. ही कला शिकायला फार सराव लागतो, पण ती कोणत्याही रंगाच्या पिल्लाला चालते. अंडी देणाऱ्या पांढऱ्या कोंबड्यांत पिसांचा पांढरा रंग बाकीचे रंग झाकतो, म्हणून तिथे हीच पद्धत रुजली. आणखी एक मार्ग पंखांच्या वाढीचा आहे. पिसे उशिरा फुटवणारे जनुकही झेडवरच असते. योग्य जोडी लावली, की पहिल्याच दिवशी लांब पंखांची ती तलंग आणि आखूड पंखांचा तो कोंबडा. यामागचे तर्कशास्त्र पनेट यांच्या रंगांच्या हिशेबाचेच आहे.

लवकर ओळखता आले, म्हणून नको ते लवकर संपवताही आले, ही या शोधाची दुसरी बाजू. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्ले जन्मताच मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून त्यावर बंदी घातली आणि अंड्यातच लिंग ओळखण्याचे तंत्र तिथे वापरात आले. माणसाच्या बाबतीत याच हव्यासाचे काय झाले, ते महाराष्ट्राने अनुभवले आहे. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, याच राज्याला करावा लागला.

गावठी कोंबड्यांच्या खुराड्यात पनेट यांची युक्ती चालत नाही, कारण तिथे आई-बापांचे रंग आधीच मिसळलेले असतात. तिथे सहा ते आठ आठवडे थांबणे हाच मार्ग. कोंबड्याचा तुरा आणि गळ्याखालचे लोंबते कल्ले लवकर मोठे व लाल होतात. नंतर पाठीच्या मागच्या भागात टोकदार, चकचकीत पिसे येतात. मात्र बाजारात कोणी सगळ्या तलंगाच आहेत म्हणून पिल्ले विकत असेल, तर त्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत : आई कोणत्या जातीची, बाप कोणत्या जातीचा? तांबडा ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडी, असे उत्तर आले, तर डोक्यावर पांढरा ठिपका असलेली पिल्ले नर समजावीत. उत्तर देता आले नाही, तर निम्मे कोंबडे निघतील असे धरूनच भाव करावा.

पनेट १९४० मध्ये निवृत्त होऊन सॉमरसेट परगण्यात राहायला गेले. कोंबड्यांवरचे त्यांचे काम तिथेही काही वर्षे चालू होते. ३ जानेवारी १९६७ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेले नियतकालिक जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये आपल्यासोबत भारतात घेऊन आले. आज ते बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी प्रसिद्ध करते.