नववर्षाचे संकल्प आणि विल्यम जेम्स

नाताळची सुटी, ३१ डिसेंबरची मेजवानी आणि लगेच १ जानेवारीचा संकल्प. पहाटे फिरायला जायचे, गोड कमी करायचे, रोजनिशी लिहायची. संक्रांत येईपर्यंत यातले बरेच काही गळून पडलेले असते. असे का होते, याचा उलगडा सवयीच्या मानसशास्त्रातून करता येतो. त्याचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचे नाव मोठे आहे.

११ जानेवारी १८४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या जेम्स यांना तरुणपणी एका वाटेवर टिकणे जमत नव्हते. आधी चित्रकला, मग हार्वर्डमध्ये रसायनशास्त्र, नंतर वैद्यक. मध्येच ब्राझीलची संशोधन मोहीम. १८६९ मध्ये वैद्यकाची पदवी मिळाली, पण त्यांनी रुग्ण कधीच तपासले नाहीत. पाठदुखी आणि डोळ्यांच्या त्रासाने ते हैराण होते. नैराश्य इतके खोल होते, की आत्महत्येचे विचारही मनात येत. माणूस निसर्गनियमांनी चालणारे निव्वळ यंत्र असेल, तर आपल्या इच्छेला अर्थ काय, हा प्रश्न त्यांना पोखरत होता.

एप्रिल १८७० मध्ये फ्रेंच तत्त्ववेत्ते शार्ल रनूव्हिए यांचे लेखन वाचून त्यांनी रोजनिशीत एक निश्चय नोंदवला: इच्छास्वातंत्र्य हा भ्रम नाही, असे निदान पुढील वर्षापर्यंत मानून चालायचे. तो नववर्षाचा नव्हे, तर नववर्षापर्यंतचा संकल्प होता. नुसते चिंतन करण्याऐवजी कृती करायची आणि शिस्तीच्या सवयी लावून घ्यायच्या, हेही त्यांनी ठरवले. नैराश्य लगेच हटले नाही. पुढेही ते अधूनमधून डोके वर काढत राहिले. मात्र १८७३ मध्ये ते हार्वर्डमध्ये शिकवू लागले आणि १८७५ पासून तेथे मानसशास्त्राचा अभ्यासक्रम घेऊ लागले.

१८७८ मध्ये त्यांनी मानसशास्त्रावरील ग्रंथाचा करार केला. तो दोन वर्षांत पुरा करायचा होता, लागली बारा. १८९० मध्ये निघालेल्या या द्विखंडी ग्रंथातील सवयीवरचे प्रकरण आजही वाचले जाते. मेंदू घडवता येण्याजोगा आहे, एकच कृती पुन्हा पुन्हा केली की तिची वाट मेंदूत रुळते आणि मग ती फारसे लक्ष न देता होऊ लागते, असे त्यांनी मांडले. म्हणून नव्या सवयीची सुरुवात जोमाने करावी, कृतीची पहिली संधी सोडू नये आणि सवय पक्की होईपर्यंत एकही अपवाद करू नये, असा त्यांचा सल्ला होता. केकचा आणखी एक तुकडा उचलताना ‘आजचा धरायचा नाही’ असे आपण म्हणतो. जेम्स यांच्या मते, आपण तो हिशेबात धरला नाही तरी मज्जापेशी धरतात.

पुढील संशोधनाने यातील कडक नियम थोडा सैल केला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावून घ्यायला सांगितले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्याचा मध्यक काळ ६६ दिवस निघाला. व्यक्तिगणिक आणि कृतीगणिक मात्र त्यात मोठा फरक होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष अडथळा आला नाही. म्हणजेच १५ दिवसांत जमले नाही म्हणून स्वतःला दुबळे ठरवण्याचे कारण नाही आणि एका चुकीनंतर सारेच सोडून देण्याचेही नाही.

जेम्स यांचे २६ ऑगस्ट १९१० रोजी निधन झाले. एकही अपवाद नको, असे सांगणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या लेखनात बारा वर्षांत कितीतरी खंड पडले. तरी प्रत्येक खंडानंतर ते लिहायला पुन्हा बसले, म्हणूनच तो ग्रंथ पुरा झाला.